सोलेमचा मठ आणि ग्रेगोरियन गायनाचा पुनरुद्धार

धर्मविधीतील ज्या गोष्टी भाविकांना अनादि वाटतात त्यांपैकी पुष्कळशा दोन-तीनशे वर्षांपलीकडे जात नाहीत, आणि ज्या खरोखर हजार वर्षांच्या असतात त्या पोथ्यांच्या बासनांत निपचित पडलेल्या असतात. कोणी परिश्रमाने त्या उजेडात आणल्या, तर कालच्या गोष्टीची ज्यांना सवय झालेली असते तेच लोक त्याच्यावर नवमतवादाचा ठपका ठेवतात. कॅथलिक उपासनेतील ग्रेगोरियन गायनाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास हा या विचित्र न्यायाचा मोठा बोधप्रद दाखला आहे. रोमच्या मान्यतेने छापलेल्या ग्रंथांतच हे गायन छिन्नविच्छिन्न होऊन पडले होते. ते पूर्वरूपास आणण्याचे कार्य फ्रान्समधील एका लहानशा गावातल्या बेनेडिक्टाईन मठाने हाती घेतले, आणि दोन वेळा बेघर होऊनही सत्तर-पाऊणशे वर्षांच्या अखंड उद्योगाने ते तडीस नेले. त्या मठाचे नाव सोलेम.

ग्रेगोरियन गायनात सर्व गायक एकच स्वरावली एकत्र गातात. त्यात स्वरमेळ नाही, तालाचे बंधन नाही, वाद्याची साथही मुळात नाही; लॅटिन प्रार्थनावचनांचा जो स्वाभाविक ओघ, तोच या स्वरांची गती ठरवतो. इ. स. ५९० ते ६०४ या काळात धर्मपीठावर असलेल्या पोप ग्रेगरी पहिले यांचे नाव या गायनाला जडले, आणि साक्षात पवित्र आत्म्याने कबुतराच्या रूपाने त्यांच्या कानात हे स्वर सांगितले अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. इतिहास मात्र थोडा निराळा आहे. ७५४ साली पोप स्टीफन दुसरे हे फ्रँक राजा पेपिन याच्या भेटीस आल्प्स पर्वत ओलांडून गेले, तेव्हापासून त्या राजघराण्याने रोमची उपासनापद्धती आपल्या मुलखात लागू करण्याचा चंग बांधला. पेपिनचा पुत्र शार्लमेन याने तर त्यासाठी फर्मानेच काढली. रोमहून आलेली गायकी आणि फ्रँक मुलखातील मूळची गायकी यांच्या संगमातून आज आपण ज्याला ग्रेगोरियन म्हणतो ते गायन सिद्ध झाले, असे बहुतेक विद्वान मानतात. प्रारंभी ते सर्वस्वी मुखोद्गत होते. दहाव्या शतकाच्या सुमारास सांक्ट गालेन, लाँ, आइन्सीडेल्न अशा ठिकाणी शब्दांच्या डोक्यावर बारीक रेघा, ठिपके आणि बाकदार खुणा काढून स्वरांचा चढउतार व ठहराव सुचवणाऱ्या पोथ्या तयार झाल्या. पण स्वर नेमका किती चढवावा हे त्या खुणांवरून कळत नसे, ते गुरुमुखातूनच घ्यावे लागे. अकराव्या शतकात आरेत्सोच्या गुईदोने आडव्या रेषांवर स्वर मांडण्याची युक्ती प्रचारात आणली, आणि जे शिकण्यास गायकाची दहा वर्षे खर्ची पडत ते वर्षा-दोन वर्षांत साध्य होऊ लागले.

या गायनाला खरा धक्का बसला तो धर्मसुधारणेच्याच हातून. ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ साली संपली, १५७० साली पोप पायस पाचवे यांनी सुधारलेला मिस्साग्रंथ (मिस्सा या मुख्य उपासनेचा ग्रंथ) सर्वत्र लागू केला, आणि मग गायनग्रंथांचीही दुरुस्ती व्हावी असे ओघानेच ठरले. १५७७ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी हे काम पालेस्ट्रिना आणि त्याचा सहकारी झोइलो या दोघा संगीतकारांवर सोपवले. जुन्या स्वरावलींत लेखकांच्या हलगर्जीने रानटीपणा व बेसुमार फापटपसारा शिरला आहे, असा त्या वेळच्या विद्वज्जनांचा ग्रह होता. स्पेनचा संगीतकार फर्नांदो दे लास इन्फान्तास याने या दुरुस्तीतील धोका ओळखून राजा फिलिप दुसरा याच्याकडे दाद मागितली, आणि काम तूर्त थांबले. परंतु मूळ कल्पना मेली नव्हती. १६१४ व १६१५ साली मेडिची घराण्याने स्थापिलेल्या रोममधील छापखान्यातून आनेरिओ आणि सोरिआनो या दोघांनी दुरुस्त केलेला गायनग्रंथ दोन खंडांत बाहेर पडला. त्यातील दुरुस्ती कशा प्रकारची होती हे एका शब्दावरून ध्यानात येईल. 'दोमिनुस' या शब्दात लॅटिन उच्चाराचा आघात पहिल्या अक्षरावर येतो. जुन्या गायकांनी मात्र असल्या शब्दाच्या आघातहीन अखेरच्या अक्षरावर वाक्याच्या विसाव्याला शोभेल अशी दहा-वीस स्वरांची तान नि:शंकपणे घेतली होती. प्रबोधनकाळाच्या व्याकरणनिष्ठ संपादकांना हे अशुद्ध वाटले. त्यांनी तान छाटून टाकली आणि उरलेले चार स्वर आघाताच्या अक्षरावर नेऊन बसवले. अशा रीतीने शेकडो स्तोत्रांचा डौल गेला, आणि सांगाडा तेवढा राहिला.

याच सुमारास, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापून निघाले, ही गोष्ट मराठी वाचकाला या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही. एकाच धर्मसंस्थेच्या छत्राखाली रोममधले पंडित जुन्या स्वरांना नव्या व्याकरणाच्या मापाने कातरत होते, आणि कोकणातला एक परदेशी पाद्री नवा आशय जुन्या ओवीच्या स्वाधीन करून निर्धास्त होता. परंपरेशी वागण्याच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि त्यांतली अधिक श्रद्धेची कोणती हे निराळे सांगावयास नको.

अठराव्या शतकापर्यंत फ्रान्समधील गायनाची दशा रोमच्या त्या दुरुस्त ग्रंथातल्याहूनही अनुकंपनीय झाली होती. बिशपांनी आपापल्या धर्मप्रांतापुरते निरनिराळे प्रार्थनाग्रंथ छापून रोमची पद्धती मागे सारली होती. चर्चमध्ये प्रत्येक स्वर सारख्याच वजनाने, घण घातल्याप्रमाणे, संथपणे ओढला जाई, आणि त्याला नागमोडी आकाराच्या एका बोजड सुषिरवाद्याची साथ असे. त्यात राज्यक्रांती झाली. १७९० साली मठवासीयांची व्रते कायद्याने रद्द ठरली, मठ सरकारजमा झाले, ग्रंथसंग्रह फुटले. सार्त नदीच्या काठी १०१० साली स्थापन झालेला सोलेमचा मठही त्या वावटळीत ओस पडला, आणि चार दशकांनी तर तो पाडून त्याचे दगड विकण्यापर्यंत पाळी आली.

जवळच्या साब्ले गावी १८०५ साली जन्मलेल्या प्रोस्पेर गेरांझे नावाच्या तरुण पाद्र्याने ही वार्ता ऐकली. त्याच्या गाठी पैसा नव्हता, मठजीवनाचा अनुभव नव्हता, आणि बेनेडिक्टाईन पंथ फ्रान्समध्ये नामशेष झालेला असल्यामुळे शिकवणारा गुरूही नव्हता. तरीही त्याने ती इमारत भाड्याने घेतली आणि ११ जुलै १८३३ रोजी मोजक्या सोबत्यांसह तेथे संत बेनेडिक्ट यांच्या नियमाने राहण्यास प्रारंभ केला. १८३७ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी सोलेमला पूर्ण मठाचा दर्जा दिला आणि गेरांझे यांना मठाधिपती नेमले. उपासना हाच धर्मजीवनाचा गाभा, आणि ती वैयक्तिक भावनेच्या लहरीवर न चालता सबंध धर्मसमाजाने एका मुखाने करावी, हा त्यांचा सिद्धांत होता. १८४० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्यांच्या उपासनाविषयक ग्रंथाने फ्रान्समधील धर्मप्रांत एकेक करून रोमन पद्धतीकडे वळले. परंतु रोमन शब्द परत आले तरी त्यांना शोभणारे स्वर कोठून आणावयाचे? यावर गेरांझे यांनी जी कसोटी सांगितली ती पुढच्या सर्व कार्याचा पाया ठरली: निरनिराळ्या काळांतील आणि एकमेकांपासून दूर असलेल्या देशांतील पोथ्या जेथे एकच पाठ देतात, तेथे मूळ स्वरावली गवसली असे समजावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला हात घातला तेव्हा काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पोथ्यांची जी रुजवात घेतली, तिच्यामागे हीच न्यायबुद्धी होती.

या कामावर प्रथम पोल झॉझियों यांची नेमणूक झाली, आणि पाठोपाठ झोझेफ पोतिए हे त्यांना येऊन मिळाले. आंजेर येथील व इतर ग्रंथालयांतून पोथ्या उतरून घेणे, रेषाविरहित खुणांशी नंतरच्या रेषांवरील स्वर ताडून पाहणे, हे काम वर्षानुवर्षे चालले. माँपेलिए येथे १८४७ साली एक अकराव्या शतकातील अमोल पोथी उजेडात आली होती. तीत प्रत्येक शब्दावर जुन्या खुणाही होत्या आणि त्यांच्या जोडीला स्वरदर्शक अक्षरेही होती. अक्षरांमुळे खुणांचे कोडे उलगडले, आणि खुणांमुळे अक्षरांत नसलेली लय हाती लागली. १८७० साली झॉझियों अकाली वारले, १८७५ साली गेरांझेही गेले. पण १८८० साली पोतिए यांचा ग्रेगोरियन स्वरावलींवरील प्रबंध आणि १८८३ साली त्यांनी संपादिलेला गायनग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्तम वाचता येते त्यालाच हे गाता येते, शब्दाचा अर्थ व वजन सांभाळून वाक्य जसे बोलावे तसेच ते गावे, ही पोतिए यांची शिकवण होती; आणि ती ग्रंथात येण्यापूर्वी सोलेमच्या गायकांच्या कंठात मुरलेली होती.

दरम्यान विरुद्ध पक्षाने आपली बाजू कागदोपत्री भक्कम करून ठेवली होती. बव्हेरियातील रेगेन्सबर्ग येथे फ्रान्त्स हाबर्ल या विद्वान पाद्र्याने मेडिची छापखान्याचा ग्रंथ पालेस्ट्रिनाचीच कृती आहे अशा समजुतीने पुन्हा संपादिला. तेथील प्रकाशक पुस्टेट याला १८६८ साली रोमच्या धर्मविधी-मंडळाकडून अधिकृत गायनग्रंथ छापण्याचा तीस वर्षांचा मक्ता मिळाला, आणि पोपच्या पत्राने त्या आवृत्तीवर मान्यतेची मोहोरही उमटली. १८८२ साली गुईदोच्या स्मरणार्थ आरेत्सो येथे भरलेल्या परिषदेत पोतिए यांनी सोलेमची बाजू मांडली, आणि अधिकृत ग्रंथ शक्य तितके प्राचीन परंपरेशी जुळावेत असा ठराव संमत झाला. तथापि पुढच्याच वर्षी धर्मविधी-मंडळाने हुकूम काढून बजावले की, पोथ्यांचा अभ्यास विद्वानांनी खुशाल करावा, परंतु अधिकृत ग्रंथ तो रेगेन्सबर्गचाच. म्हणजे जो पाठ अडीचशे वर्षांपूर्वी दोन संपादकांनी बनवला तो परंपरा ठरला, आणि ज्याला हजार वर्षांच्या पोथ्यांचा आधार तो एका मठाचा छंद ठरला.

सोलेमवर त्याच सुमारास दुसरेही संकट कोसळले होते. धर्मसंघांविरुद्ध सरकारने काढलेल्या हुकुमांच्या अंमलबजावणीसाठी १८८० च्या नोव्हेंबरात शिपाई मठात शिरले आणि मठवासीयांना हाताला धरून बाहेर काढण्यात आले. १८९५ पर्यंत ते गावातील घरांत विखरून राहिले. याच विस्थापित अवस्थेत आंद्रे मोकरो या पुरुषाचे कर्तृत्व फुलले. मोकरो पूर्वाश्रमी चांगले चेलोवादक होते, १८७५ साली मठात आले होते, आणि हुकुमाला हुकुमाने उत्तर देता येत नाही तेथे पुराव्याने देता येते अशी त्यांची खात्री होती. १८८९ साली त्यांनी प्राचीन संगीतपोथ्यांच्या छायाचित्रांची 'पालेओग्राफी म्युझिकाल' ही ग्रंथमाला सुरू केली. पहिल्या खंडात सांक्ट गालेनची एक सबंध पोथी जशीच्या तशी छापली. दुसऱ्या-तिसऱ्या खंडांत याहून मोठे धाडस होते: 'युस्तुस उत पाल्मा' हे एकच स्तोत्र नवव्यापासून सतराव्या शतकापर्यंतच्या, युरोपच्या नाना प्रांतांतील दोनशेहून अधिक पोथ्यांतून घेऊन एकापुढे एक मांडले होते.

ही पाने जो उलटतो त्याला निराळे विवेचन वाचण्याची गरज उरत नाही. आरंभी आल्प्सच्या पायथ्याच्या पोथ्यांतील केसासारख्या बारीक तिरप्या रेघा दिसतात; मग आक्वितेनच्या लेखकांचे सुटे ठिपके येतात, दक्षिण इटलीतील बेनेव्हेंतोच्या ठाशीव वळणाच्या खुणा येतात, जर्मनीतील जाड टोकदार खुणा येतात, आणि शेवटी रेषांवर बसलेले चौकोनी स्वर येतात. हस्ताक्षर बदलते, लेखणी बदलते, राज्ये बदलतात. पण तान जेथे उचलली जाते तेथेच उचलली जाते, जेथे विसावते तेथेच विसावते. ज्यांनी एकमेकांचे गाव कधी पाहिले नाही अशा लेखकांनी शतकानुशतके हा एकच पाठ इतक्या निष्ठेने राखला असेल, तर त्याला फापटपसारा म्हणण्याची सोय राहत नाही. पुढे १९०१-०२ मध्ये राफाएल मोलिटोर या जर्मन बेनेडिक्टाईन विद्वानाने रोमचे दप्तर तपासून मेडिची ग्रंथ पालेस्ट्रिनाचा नव्हे हेही दाखवून दिले, आणि रेगेन्सबर्गच्या पक्षाचा उरलासुरला आधार नाहीसा झाला. मक्त्याची मुदतही तोपर्यंत संपली होती.

४ ऑगस्ट १९०३ रोजी जुझेप्पे सार्तो हे पोप पायस दहावे झाले. खेड्यातील एका गरीब कुटुंबात जन्मून, गावच्या पाद्र्यापासून व्हेनिसच्या धर्माध्यक्षापर्यंत सर्व पायऱ्या चढलेल्या या पुरुषाने सामान्य भाविकांची उपासना जवळून पाहिली होती, आणि चर्चमध्ये शिरलेला नाटकी संगीताचा थाट त्यांना मनापासून खुपत असे. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, गायकांची संरक्षक संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, त्यांनी पवित्र संगीतावरील आज्ञापत्र काढले: उपासनेच्या संगीतात पावित्र्य, कलागुण आणि सार्वत्रिकता हवी, हे गुण ग्रेगोरियन गायनात सर्वाधिक आहेत, आणि हे गायन लोकांच्या मुखी पुन्हा रुळवावे, म्हणजे ते उपासनेत प्रेक्षक न राहता भागीदार होतील. १९०४ च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनची नवी आवृत्ती काढण्यासाठी मंडळ नेमले गेले. अध्यक्षपद पोतिए यांना आणि संपादनाचे काम सोलेमला मिळाले. वीस वर्षांपूर्वीचा निवाडा अशा रीतीने समूळ फिरला.

विजयाच्या या क्षणीच सोलेमच्या दोन थोर पुत्रांत मतभेद उद्भवला, आणि तो क्षुद्र मानापमानाचा नव्हता म्हणूनच चिंतनीय आहे. धर्मसंघांविरुद्धच्या १९०१ च्या फ्रेंच कायद्यामुळे मठ पुन्हा परागंदा होऊन इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट बेटावर येऊन राहिला होता. तेथे मंडळाची बैठक झाली. मोकरो यांचे म्हणणे असे की, सर्वांत प्राचीन पोथ्यांचा पाठ सापडला असताना त्याहून अलीकडचा पाठ छापणे हा सत्याचा अवमान आहे. पोतिए म्हणत की, परंपरा ही वाहती गोष्ट असून मधल्या शतकांतील गायकांनी जे सर्वानुमते स्वीकारले तेही तिचेच अंग आहे. उदाहरणार्थ, तिसऱ्या स्वरप्रकारात स्तोत्रपठणाचा मुख्य स्वर फार जुन्या पोथ्यांत निषाद होता, तो कालांतराने सर्वत्र वरच्या षड्जावर सरकला. मोकरो यांना निषाद हवा होता, पोतिए यांनी षड्ज ठेवला. १९०५ साली रोमने पोतिए यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि सोलेमच्या संपादकांनी काम खाली ठेवले. १९०८ साली मुख्य गायनग्रंथ प्रसिद्ध झाला तो पोतिए यांच्या हातचा. मोकरो यांनी त्यावर लयीच्या सूक्ष्म खुणा घालून सोलेमच्या स्वतंत्र आवृत्त्या काढल्या, आणि जगभरच्या गायकवृंदांत त्याच अधिक वापरल्या गेल्या. १९३४ साली बेनेडिक्टाईन मठांसाठी सोलेमने जो प्रार्थनासंगीताचा ग्रंथ काढला त्यात तिसऱ्या प्रकाराचा निषाद अखेर आपल्या जागी परत आला. मोकरो मात्र १९३० सालीच निवर्तले होते. दोघांत खरा कोण, असे विचारले तर मला वाटते की मोकरो नसते तर परंपरेचे मूळ कळले नसते, आणि पोतिए नसते तर ती सामान्य चर्चच्या हाती आली नसती.

१९२२ साली मठ सोलेमला परतला, आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्याच्या गायनाची कीर्ती धर्मसंस्थेच्या सीमा ओलांडून गेली. १९३८ च्या पवित्र सप्ताहात फ्रेंच विदुषी सिमोन वेल तेथे जाऊन राहिली. ती जन्माने ज्यू होती, तिने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, आणि असह्य डोकेदुखीमुळे प्रत्येक ध्वनी तिला आघातासारखा लागत असे. तरी प्रत्येक प्रार्थनेला ती हजर राहिली, आणि त्या वेदनेच्या पलीकडे या गायनात व शब्दांत आपल्याला निर्भेळ आनंद लाभला असे तिने नंतर लिहून ठेवले. पोथ्यांची रुजवात घेण्यात आयुष्ये वेचणाऱ्यांना याहून मोठी पावती कोणती हवी?

४ डिसेंबर १९६३ रोजी कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपली घटना २१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत केली. तीत ग्रेगोरियन गायनाला रोमन उपासनेत अग्रस्थान असावे असे स्पष्ट लिहिले आहे, त्याच्या ग्रंथांची अधिक चिकित्सक आवृत्ती काढावी असेही सांगितले आहे, आणि त्याच घटनेने लोकभाषांनाही दार उघडून दिले आहे. प्रत्यक्षात लोकभाषांचा ओघ इतका मोठा होता की थोड्याच वर्षांत बहुतेक चर्चमधून लॅटिन आणि तिच्याबरोबर हे गायनही मागे पडले. १९६९ च्या नोव्हेंबरअखेर नवा मिस्साग्रंथ लागू झाला, तेव्हा पोप पॉल सहावे यांनी या हानीबद्दल जाहीर हळहळ व्यक्त केली. परंतु लोकांना प्रार्थना समजणे हे त्याहूनही मोलाचे आहे, असा कौलही त्यांनी त्याच भाषणात दिला. वसईच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा ऐकणाऱ्या, मायबोलीत प्रार्थना म्हणणाऱ्या कुटुंबांना विचारले तर या निर्णयाची थोरवी कळते. तेव्हा नव्याचा धिक्कार करून जुन्याचा गौरव करणे मला अन्यायाचे वाटते. सोलेमनेही तसे केले नाही. परिषदेनंतरच्या नव्या पंचांगाप्रमाणे स्तोत्रांची मांडणी बदलून १९७४ चा गायनग्रंथ त्याच मठाने सिद्ध केला, आणि नव्या मिस्साग्रंथाची उपासना तेथे आजही लॅटिनमध्ये, ग्रेगोरियन स्वरांत होते.

या साऱ्या इतिहासात हुकूम पुष्कळ झाले. १६१५ च्या ग्रंथाला मान्यता होती, १८८३ चा निवाडा अधिकृत होता, १९०३ चे आज्ञापत्र तर पोपच्या सहीचे होते, आणि १९६३ च्या घटनेमागे जगातील जवळजवळ सर्व बिशपांचे मत होते. पण केवळ हुकुमाने हे गायन मेले नाही आणि केवळ हुकुमाने ते जगलेही नाही. जेथे दिवसातून अनेक वेळा ते प्रार्थना म्हणून गाणारी माणसे होती तेथे ते हद्दपारीतही टिकले, आणि जेथे ती नव्हती तेथे अग्रस्थानाचा लेखी हक्क असूनही ते उपासनेतून निघून गेले. जुने राखावयाचे असेल तर ते खरोखर किती जुने आहे याची आधी रुजवात घ्यावी लागते, आणि रुजवात झाल्यावर ते नित्य मुखी ठेवावे लागते. पहिले काम विद्वानांचे, दुसरे भाविकांचे. सोलेमच्या मठात ही दोन्ही कामे त्याच माणसांनी केली, म्हणूनच ती फळाला आली.